आधी तिथी, मग तारीख, मग खोली

ताई, तुमचा बेत मी असा समजलो. घरची सहा माणसं, त्यात 9 आणि 13 वर्षांची दोन मुलं आणि 66 वर्षांच्या सासूबाई. हिवाळ्यात पाच-सहा दिवस काढून देवगड ते वेंगुर्ला किनाऱ्याने चालत जायचं, रोज पंधरा-सोळा किलोमीटर, रोज नवा मुक्काम. तुमचा प्रश्न एवढाच आहे, की खोल्या आत्ताच बुक करायच्या की तिथे पोचून बघायच्या.

खोल्या आधीच बुक करा. पण आज नको. आज बेत बदलायचा, उद्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसायचं आणि परवा फोन करायचे. गेली वीसएक वर्षं मी कोल्हापुरातून घरच्या घोळक्यांना कोकण किनाऱ्याने चालायला घेऊन जातोय. ज्यांनी आधी खोली घेतली आणि मग चालण्याचा हिशेब घातला, त्यांचे हाल झालेले मी पाहिलेत. एकदा माझ्या स्वतःच्या घरच्यांचेही झाले, ते पुढे सांगतो.

आधी अंतर. देवगड ते वेंगुर्ला सरळ रेषेतच साठ किलोमीटरच्या वर आहे, आणि किनारा काही सरळ रेषेत जात नाही. मध्ये खाड्या आहेत, कातळाचे सडे थेट समुद्रात उतरलेत, तिथे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सोडून वर चढायचं आणि रस्त्याने वळसा घालायचा. तुमच्या सासूबाई दरवर्षी आषाढीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळला चालत जातात हे वाचून बरं वाटलं. त्यांचे पाय तयार आहेत. पण ती डांबरी वाट. कोरड्या वाळूत तेवढ्याच अंतराला दीडपट-दुप्पट दम लागतो. मुलं बरोबर असली की शिंपले वेचणं, खेकड्यामागे धावणं, पाणी पिणं, सगळं धरून ताशी अडीच किलोमीटर चाल पडते, त्याच्या वर नाही. म्हणजे पंधरा किलोमीटरला सहा तास. कोकणातल्या उन्हात 9 वर्षांच्या पोराला सहा तास चालवलं, तर ते पुन्हा आयुष्यात तुमच्याबरोबर चालायला येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, दोन्ही टोकं कापा. आचऱ्याला सुरू करा आणि भोगव्याला संपवा. हे तीसएक किलोमीटर आहेत. सिंधुदुर्गातल्या उत्तम पुळणी त्यात येतात, शिवाय दोन ठिकाणी होडीने खाडी ओलांडता येते, आणि मुलांना पुढे तेवढंच आठवणार आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो तोवर थंडावा, आणि दुपारी खारा वारा सुटला की तो हिवाळ्यात वायव्येकडून, म्हणजे तुमच्या पाठीवर येतो. उलट दिशेने गेलात तर तोच वारा वाळू घेऊन तोंडावर येईल.

आता कॅलेंडर. किनाऱ्यावर चालण्याची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. भरती-ओहोटीमध्ये साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि भरतीची वेळ रोज पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि रात्रीही. त्याच्या सहा तास आधी, नऊच्या आसपास, ओहोटी पूर्ण. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा नेमकी वेळ मोबाईलवरच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात ताडून घ्या. पण बेत आखायला तोंडी हिशेब पुरतो.

चालायची वेळ म्हणजे पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास. तेव्हा पाणी मागे गेलेलं असतं आणि खालची ओली, घट्ट वाळू मोकळी होते. या वेळेचा मोठा भाग सकाळी सहा ते अकरा यात बसायला हवा. तो बसतो प्रतिपदा ते पंचमी. प्रतिपदेला ओहोटी पावणेसातच्या सुमारास, पंचमीला दहाच्या. अष्टमी-नवमीला जाऊ नका. तेव्हा भांगाचं पाणी असतं, ते फार चढत नाही हे खरं, पण पहाटे ते वरच असतं आणि घट्ट वाळू मिळते ती भर दुपारी बाराला.

दोन पक्षांपैकी मी नेहमी कृष्ण पक्ष घेतो, म्हणजे पौर्णिमेनंतरचे दिवस. कारण सांगतो. प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी तुम्ही पुळणीवर उतरता, तेव्हा डावीकडे माडांच्या मागून उजाडत असतं आणि उजवीकडे चंद्र अजून समुद्रावर असतो. सूर्य वर आला तरी तासभर तो पांढरा होऊन पाण्यावर थांबतो. मी हे कित्येकदा पाहिलंय, तरी मुलांच्या आधी मीच थांबतो.

कृष्ण पक्षात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते, ती संकष्टी. सासूबाई धरत असतील तर त्या दिवशी चालायचं ठेवू नका. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, तोवर उपास, आणि दिवसभर ऊन. तो दिवस विश्रांतीचा आणि किल्ला बघण्याचा. घरमालकिणीला आधी सांगून ठेवलं तर साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, रात्री सोडायला मोदक, सगळं होतं. ऐनवेळी सांगितलं तर त्या बिचाऱ्या कुठून आणणार? मार्गशीर्षात जात असाल तर गुरुवारचंही तसंच आधी सांगा.

कोणत्या महिन्यात? कार्तिकी पौर्णिमेनंतर किंवा मार्गशीर्षातल्या, म्हणजे दत्तजयंतीच्या पौर्णिमेनंतर. पौषही चांगला. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी टाळा, तेव्हा मालवण-तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी वाटेल तशी वाढतात. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही बघून घ्या. तिची तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते, देवीला कौल लावून ठरते आणि मग जाहीर होते. बहुतेक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तेव्हा मुंबईचा चाकरमानी गावी येतो, लाखोंची गर्दी होते आणि आसपासच्या सगळ्या खोल्या भरतात. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा असते, त्या दिवसांत देवगडकडच्या रस्त्यांवर तशीच दाटी.

आता मुक्काम, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. रोज नवा मुक्काम घेऊ नका. मुक्काम हलवायचा नाही, माणसं हलवायची. रोज सकाळी सहा माणसांच्या बॅगा भरणं, ओले कपडे पिशवीत कोंबणं, मुलांची एक चप्पल शोधणं, यातच ओहोटीचा पहिला तास जातो, आणि तोच सगळ्यात चांगला तास. दोनच ठाणी करा. पहिल्या दोन रात्री आचरा-तोंडवळीच्या बाजूला, पुढच्या तीन तारकर्ली-देवबागला. चालून जिथे पोचाल तिथून रिक्षाने मुक्कामावर परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाने तिथेच सोडायला सांगायचं. घरमालकाच्या ओळखीचा रिक्षावाला असतोच. त्याचा नंबर आणि पाचही दिवसांचे पैसे आधी ठरवून टाका. तो नंबर म्हणजे सासूबाईंचा आधार आहे. त्यांना मध्येच थांबावंसं वाटलं, तर जवळच्या वाडीच्या रस्त्याला येऊन त्या रिक्षात बसतील, बाकीचे पुढे चालतील. हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. नाहीतर दुखत असलं तरी आपल्यामुळे पोरांचा खोळंबा नको म्हणून त्या बोलणार नाहीत.

एकंदर असं बसतं. पौर्णिमेला सकाळी कोल्हापूर सोडायचं, गगनबावड्यावरून किंवा राधानगरी-फोंडा घाटाने कणकवली, तिथून आचरा. निघण्यापूर्वी घाट चालू आहे का ते विचारा. 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बंद होता आणि माहीत नसलेली माणसं गगनबावड्यातून मागे फिरत होती. प्रतिपदेला आचरा ते तोंडवळी, जवळजवळ सलग पुळण, कडेने सुरूचं बन. द्वितीयेला तोंडवळी ते तळाशील. इथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला होडीने खाडी ओलांडून सर्जेकोट. होडीचं आदल्या संध्याकाळी घरमालकाकडून ठरवून घ्या. नाही मिळाली तर रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. सर्जेकोट ते मालवण कोळंबच्या पुलावरून गाडीरस्ता आहे, तो चालण्यात काही राम नाही, रिक्षा करा. सामान आचऱ्याहून त्याच दिवशी दुसऱ्या ठाण्यावर पाठवायचं.

तृतीयेला मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावरून वायरी, तारकर्ली करत देवबाग. हा दहाएक किलोमीटरचा मोठा दिवस. सुरुवातीलाच मोरयाचा धोंडा लागतो. 1664 साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली. मुलांना तिथे पाच मिनिटं बसवा आणि समोर किल्ला दाखवा, दुसऱ्या दिवशी किल्ल्यात गेल्यावर त्यांना त्याचा अर्थ लागेल. चतुर्थीला विश्रांती आणि किल्ला. संकष्टी कधी कधी तृतीयेच्या तारखेला येते, तेव्हा कॅलेंडरवर बघा आणि या दोन दिवसांची अदलाबदल करा. पंचमीला देवबागहून होडीने कर्लीची खाडी ओलांडून भोगवे, जमलं तर निवतीचा किल्ला, आणि गाडी परुळ्यावरून कुडाळमार्गे कोल्हापूर. गाडी भोगव्याला आणून उभी करायची व्यवस्था आधी लावून ठेवा.

कर्ली ओलांडायची वेळ होडीवाल्यावर सोडा. ओहोटी जोरात असताना खाडीचं पाणी मुखाकडे ओढ घेतं आणि समोरून लाट येते, तिथे पाणी उसळतं. पाणी थांबतं तेव्हा, म्हणजे ओहोटी संपून भरती लागण्याच्या बेतात किंवा भरती पूर्ण होताना, खाडी शांत असते. पंचमीला ती वेळ सकाळी दहाच्या आसपास येते. लाइफ जॅकेट सहाही जणांना, पट्टे बांधून. तो म्हणाला थांबा, तर थांबायचं.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा आम्ही तारकर्लीहून देवबागला निघालो, ते नाश्ता करून आरामात दहाला. खोली आधी घेतली होती, तिथी बघितली नव्हती. अष्टमीच्या आधीचे दिवस नव्हते, उधाण होतं, आणि भरती बाराच्या आत पूर्ण व्हायची होती. देवबागला समुद्राने किनारा खाल्लाय, म्हणून बऱ्याच भागात दगडांचा बंधारा घातलाय. ओहोटीला बंधाऱ्याच्या खालून चालता येतं. भरतीला लाट थेट दगडावर येते आणि चालायला पट्टीच उरत नाही. आम्ही दगडांवरून निघालो. दगडाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड पात्यासारखी. मुलीचा पाय घसरला आणि तळवा अंगठ्यापासून मधल्या खळग्यापर्यंत कापला गेला. टाके पडले. तिने रडून गोंधळ घातला नाही, नुसती माझा शर्ट धरून बसली होती. त्या दिवसापासून मी तिथी बघितल्याशिवाय एकाही घोळक्याला हो म्हटलेलं नाही.

खोलीसाठी फोन करताना काय विचारायचं तेही सांगतो, कारण "समुद्राला लागून आहे का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. वाडीचं नाव विचारा. देवबाग लांबच लांब गाव आहे, आणि तारकर्ली म्हणून दिलेली खोली पुष्कळदा वायरीत निघते. लोकेशन मागवा आणि पुळण किती मिनिटांवर आहे ते नकाशावर स्वतः मोजा. सासूबाईंसाठी तळमजला आणि कमोड. गरम पाणी किती वाजता मिळतं ते विचारा. सोलरचं असेल तर पहाटे कोमटच. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी सहाला चहा आणि बरोबर न्यायला घावणे किंवा आंबोळी बांधून मिळेल का. बहुतेक ठिकाणी नाश्ता साडेआठला असतो. साडेआठपर्यंत थांबलात तर पहिल्या दोन दिवसांची ओहोटी गेली. मोठ्या रिसॉर्टपेक्षा घरगुती सोय मी पसंत करतो ती याच कारणासाठी. घरातली काकी सहाला उठलेलीच असते. तुम्ही आदल्या रात्री माणसं मोजून सांगितलीत की ती आनंदाने करते. चालून परत आल्यावर मुलांना उकड्या तांदळाची गरम पेज आणि त्यावर तूप-मीठ मिळालं तर दुपारी वेगळं काही लागत नाही.

मासे खाणारे किती, न खाणारे किती हेही आदल्या दिवशीच सांगा. मासळी सकाळच्या लिलावात घेतली जाते, दुपारी बारा वाजता सुरमई पाहिजे म्हटलं तर फ्रीजमधली मिळणार. आणि तिथे आपला तांबडा-पांढरा रस्सा मागू नका. तिथल्या माणसाला तिथलं करू द्या.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, जागा सुरेख आहे. पण बुकिंग फक्त महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा. नावाजलेल्या ठिकाणांची बनावट पानं काढून पैसे उकळणारे आहेत. सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरंही किनाऱ्यावर आहेत. कुठेही ॲडव्हान्स एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका. पैसे पाठवलेत की तारखा, खोल्या, माणसं, जेवणासकट की जेवण वेगळं, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "बरोबर आहे" एवढं उत्तर घ्या. मग दोन दिवस आधी एक फोन, निघाल्यावर घाट उतरल्यावर एक फोन. एका डिसेंबरात हा दुसरा फोन मी केला नाही. अंधार पडल्यावर चौदा माणसं घेऊन दारात पोचलो, तर आमच्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या होत्या. थकलेल्या बायकामुलांना घेऊन रात्री आणखी तीन किलोमीटर चालावं लागलं.

चालताना एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. ओल्या वाळूवर पाऊल टाकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढरी, कोरडी पडल्यासारखी दिसते. तशी दिसली तर वाळू घट्ट, तिथूनच चालायचं. पाऊल रुतून खड्ड्यात पाणी भरलं तर दोन पावलं बाजूला व्हायचं. तासाभरात मुलं स्वतःच वाट शोधायला लागतात आणि पुढे चालतात, त्यांना ओढावं लागत नाही. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे उतारामुळे उजवा पाय सतत खाली पडतो. संध्याकाळी गुडघा, खुबा धरतो तो याने. शक्यतो पाण्याजवळच्या सपाट पट्टीवरून चला आणि अर्ध्या तासाने एकदा थांबून अंग सैल करा.

पायात पट्ट्याचे फ्लोटर्स, जुने, सवयीचे. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा, खाऱ्या पाण्याने कातडं खराब होतं. अनवाणी चालायला मजा येते, पण एका वेळी अर्धा तासच. ओल्या मऊ पायाला वाळू लगेच सोलते. मुक्कामावर गेल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून खोबरेल लावायचं, सहाही जणांनी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराच्या मागच्या बाजूने, माडांकडून जा. दोरावरून उड्या मारत जाऊ नका, ती त्यांची रोजची कमाई आहे. मुलांनी विचारलं तर ते दोराला हात लावू देतात. पोहण्याचं मात्र नाव काढू नका, गुडघाभर पाण्यापुढे कुणीही नाही, मोठ्यांनीसुद्धा. आपल्या घाटावरची माणसं नदी-विहिरीत पोहायला शिकलेली, त्यांना समुद्राची ओढ कळत नाही.

निघण्याआधी महिनाभर रविवारी सकाळी आठ किलोमीटर चाला, त्याच फ्लोटर्समध्ये, तीच पाठपिशवी घेऊन. रंकाळ्याच्या फरसबंदीवर नको, कळंब्याच्या बाजूला मातीत. 9 वर्षांच्या पोराच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि टोपी एवढंच.

कोणता महिना जमतोय ते घरात बोलून मला कळवा. मी पाच दिवसांच्या ओहोटीच्या वेळा लिहून पाठवतो. त्या हातात आल्यावर मगच खोल्यांना फोन लावा.